भट्टीजवळची खुर्ची

“अजून थोडं थांबा,” ती डोळे मिटून म्हणाली. “आत्ता कुठे कच्चा वास गेलाय.”

बेकरीवाला लांब दांड्याचं फावडं धरून भट्टीच्या तोंडाशी उभा होता. बायकोने हो म्हटल्याशिवाय पाव बाहेर काढायची त्याला सोय नव्हती. उन्हाळ्यात आलेला ताप जाताना त्याची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला होता. आधीच नाकाच्या शेंड्यावर राग असलेला माणूस. नाकाचं काम बंद पडलं, रागाचं मात्र चालू राहिलं.

आयुष्यभर त्याने पाव वासावर काढला होता. घड्याळ लावून पाहिलं. पण लाकूड कधी ओलं, कधी सुकं, त्यातलं घड्याळाला काय कळणार? पावाऐवजी कोळसे विकायची पाळी आली तेव्हा त्याने जिन्याखालून हाक मारली, “अगं, जरा खाली येतेस?” लग्न झाल्यापासून तिला भट्टीपाशी बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

तेव्हापासून ती रोज पहाटे खाली येत होती. सुरुवातीला नुसतं “काढा” म्हणायची. मग तोच विचारायला लागला, आत्ता कसा येतोय? ती सांगायची. ओल्या पिठाचा. आता तापलेल्या दुधासारखा. आता न्हाऊन आलेल्या बाळाच्या टाळूसारखा. तो काम सोडून ऐकत राहायचा. इतकी वर्षं तो या वासात उभा होता, पण त्याला शब्द असतात हे त्याच्या गावीही नव्हतं. वासावरून विषय निघायचे, मुलीच्या सासरचे, तिच्या माहेरचे, एकदा तर लग्नातल्या एका जुन्या रुसव्याचा. कच्च्या पावांचा पुढचा पत्रा आत सरकवायचं दोघंही विसरायची.

तिला हे सगळं आवडत होतं आणि आवडतंय याची लाजही वाटत होती. नवऱ्याने बरं होऊ नये असं तिला अजिबात वाटत नव्हतं. पण तो बरा झाला की आपली रवानगी पुन्हा वर, स्वयंपाकघरात, हे ती धरून चालली होती.

“काढा आता,” ती म्हणाली.

त्याने फावडं आत घातलं नाही. तो तिच्याकडे वळून बघत होता.

“तुझा गुडघा दुखतोय का?”

“नाही तर. काढा ना, उशीर होईल.”

“लसणीचं तेल चोळलंयस.”

तिने चटकन पाय मागे घेतला. भट्टीपाशी पिठाशिवाय दुसरा वास त्याला खपत नसे. वर लसूण ठेचली तरी तो जिन्याचं दार लावून घ्यायचा. पण आता त्याला कुठे कळणार, म्हणून ती रोज बिनधास्त तेल लावून इथे उभी राहत होती. ती काहीतरी सबब सांगायला गेली आणि मधेच थांबली.

“तुम्हाला कसं कळलं?”

त्याने नाक वर करून एक लांब श्वास घेतला. मागे भट्टीतून धूर यायला लागला.

“अहो, जळतायत.”

“हो,” तो म्हणाला. “येतोय वास.”

करपलेल्या पावाकडे इतक्या कौतुकाने आजवर कोणत्याही बेकरीवाल्याने पाहिलं नसेल. पत्रे बाहेर आले ते सगळे काळे. त्याने एक पाव फोडून नाकाशी धरला, मग तिच्या नाकाशी धरला, मग पुन्हा स्वतःच्या. दोघं रडली. पावाचा काळा डाग त्याच्या नाकाला लागला होता, तो बघून ती रडता रडता हसली. तिचा आनंद खरा होता.

मग तिने कमरेचं फडकं सोडलं, घडी केली आणि फळीवर ठेवलं.

“सुटले बाई एकदाची,” ती म्हणाली. “वर जाऊन चहा टाकते.”

ती जिन्याकडे निघाली. कठड्याला धरून तिने पहिल्या पायरीवर आधी चांगला पाय टाकला, मग दुसरा त्याच पायरीवर ओढून घेतला. तो बघत होता. इतके दिवस ही उभी होती, आणि आपण दूध काय, बाळ काय, ऐकत बसलो.

“थांब जरा.”

तो दुकानात गेला आणि गल्ल्यामागची स्वतःची खुर्ची उचलून घेऊन आला. भट्टीच्या बाजूला, फावड्याचा दांडा लागणार नाही अशा बेताने त्याने ती मांडली. एकदा सरकवली, पुन्हा सरकवली. बाहीने खुर्चीवरचं पीठ पुसलं.

ती पायरीवरूनच बघत होती. “आता माझं इथे काय काम?”

असली बोलणी त्याला कधी जमली नव्हती. त्याने तिच्याकडे पाठ करून पुढचा पत्रा उचलला.

“काम काही नाही,” तो म्हणाला. “गुडघ्याला शेक बसेल.”