थोआचं दूध

कारखान्यात आयांना दूध काढायला दिलेल्या खोलीत थोआनं दुधानं भरलेली बाटली बेसिनमध्ये उपडी केली, तेवढ्यात पडद्यापलीकडून पेई-रू बाहेर आली.

"अगं ए! काय करतेस?"

शेवटचा थेंब पडेपर्यंत थोआनं बाटली तशीच धरून ठेवली आणि मग नळ सोडला.

"नासलं होतं का?"

"नाही, ताई. ठेवायचं कुणासाठी? बोंग काल गेली."

पेई-रूचा हात तोंडावर गेला. आपण काय बोलून बसलो, ते थोआच्या लगेच लक्षात आलं.

"नाही, नाही, तसं नाही! गावाला गेली. माझ्या आईकडे."

"केवढं घाबरवलंस मेले!" पेई-रू मटकन खुर्चीत बसली. "पण अशी अचानक?"

अचानक नव्हतंच ते. कारखान्याच्या वसतिगृहात बाळ ठेवू देत नाहीत. म्हणून बोंगला थोआची एक गाववाली आपल्या भाड्याच्या खोलीत सांभाळायची. तिचा करार संपला आणि ती व्हिएतनामला परत निघाली. थोआची अजून दोन वर्षं बाकी होती. इथं तैवानात, ताइचुंगमध्ये दुसरं कोण सांभाळणार? विमानतळावर बोंग झोपलेली होती. झोपेतच ती थोआच्या खांद्यावरून त्या गाववालीच्या खांद्यावर गेली.

"रडली नाही?" पेई-रूनं विचारलं.

"नाही. उठवली असती तर रडली असती."

थोआ पंपाचे भाग पुसून पिशवीत भरू लागली. "ताई, आता मला इथं येता यायचं नाही ना? बाळच इथं नाही म्हटल्यावर."

थोआ कॅमेऱ्याची भिंगं तपासायच्या विभागात होती आणि पेई-रू तिथली मुकादम. भिंगांवरून नजर काढून कोण कधी बाहेर जातं, ते तिच्याच हातात होतं. ती आपल्या हातातल्या बाटलीकडे बघत होती. तळाला जेमतेम दोन घोट दूध होतं.

"बघ हे माझं," ती म्हणाली. "दूध वाढावं म्हणून सासूबाई रोज डुकराचे पाय आणि शेंगदाणे शिजवून घालतात. माझेच पाय सुजले, दूध काही उतरेना. इथं येऊन बसलं की पाच मिनिटांत मशीन अडतं, की मारा मला हाका! किती वेळा तशीच उठून गेले. आटलंच शेवटी." ती हसायला गेली, पण हसू जमलं नाही. "आणि तू! अख्ख्या गल्लीला पुरेल एवढं बेसिनमध्ये ओततेस."

थोआ पिशवीची चेन लावत होती. ती थांबली.

"आ-थोआ, मला देशील?"

"काय?"

"दूध. माझ्या आ-हाओला. पावडरचं त्याला सोसत नाही गं, अंगभर पुरळ उठतं. तू रोज येत जा इथं, कुणी विचारलं तर मी बघते. फक्त..." पेई-रूनं आवाज खाली आणला. "सासूबाईंना कळता कामा नये. तू व्हिएतनामची म्हणून नाही हं. म्हणजे, त्या आपल्या जुन्या वळणाच्या आहेत."

बाहेर बोळातून कुणीतरी चपला फटफटवत गेलं. थोआ खुर्चीत बसली. तिनं चेन पुन्हा उघडली आणि पंप बाहेर काढला.

"दुसऱ्या बाजूचं अजून आहे," ती म्हणाली.

पेई-रूनं तिला पडदा ओढून दिला आणि ती अलीकडे उभी राहिली. बाटली भरल्यावर थोआनं सवयीनं तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली. पेई-रूनं ती नखानं हलकेच सोलून काढली आणि तिथं आपल्या नावाची लावली. "रागावू नकोस," ती म्हणाली. थोआनं मान हलवली. फ्रीजचं दार तिनंच उघडलं.

त्यानंतर थोआ रोज त्या खोलीत येत राहिली. रविवारी ती आईला फोन लावायची. फोनच्या पडद्यावर बोंग दिसायची. आधी ती आवाजाच्या दिशेनं बघायची. पुढं पुढं ती आजीच्या कानातल्या डुलाशी खेळत राहायची, आणि आजी तिचं तोंड धरून फोनकडे वळवायची. "अगं, आई बघ, आई." बोंग जोर करून मान पुन्हा डुलाकडे न्यायची.

एका दुपारी पेई-रू हसतहसत आत आली. "बघ, कसा गुबगुबीत झालाय! पुरळ कुठल्या कुठं गेलं." तिनं व्हिडिओ लावून फोन थोआपुढे धरला.

आ-हाओ दूध पीत होता. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. एका मुठीत कुणाचं तरी वयस्कर बोट घट्ट धरलेलं. गालाला खळी पडे, भरे, पुन्हा पडे. मागून म्हातारीचा कौतुकाचा आवाज आला, "आईचं दूध आहे राजा ते! लागायचंच गोड!"

पेई-रू चपापली. तिचा अंगठा आवाज बंद करायला सरकला.

"असू दे, ताई," थोआ म्हणाली. "बघू दे पूर्ण."

तिनं फोन आपल्या हातात घेतला. बाटली अर्ध्यावर आली. आ-हाओनं एक उसासा टाकला आणि पुन्हा ओढायला लागला.

थोआनं नुकतंच सगळं दूध काढून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. तरी तिच्या सदऱ्यावर पुढून दोन ओले डाग उमटले, आणि हळूहळू पसरत गेले.