कोरडी हवा

कारागिराने डबल बास टेबलावर आडवा केला आणि दिवा जवळ ओढला. वाद्याच्या पोटावर तीन चिरा होत्या, लाकडाच्या रेषेतून सरळ गेलेल्या. पडल्याच्या नव्हत्या, कोरड्या हवेच्या होत्या.

"खोलीत हीटर लावत होतात ना?" त्याने वादकाच्या बायकोला विचारलं.

"हो. दोन महिने, दिवसरात्र."

कारागिराचं डोकंच फिरलं. "अहो, वीस वर्षं ओळखतो मी त्यांना. वाद्याजवळ ओला स्पंज ठेवल्याशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस. त्यांनी हे चालवून कसं घेतलं?"

"कुठे घेतलं? मी स्वयंपाकघरात गेले की अंथरुणातून उठून बंद करायचे. मी येऊन परत लावायचे. रोजची वादावादी. डॉक्टरांनी बजावलं होतं, गारठा अजिबात लागता कामा नये."

कारागीर जरा मवाळ झाला. चिरांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "सरस भरतो, आतून लाकडाचे तुकडे चिकटवतो. महिनाभर लागेल. तोवर बरे झाले तर न्यायला त्यांनाच पाठवा. चार शब्द सुनावायचेत मला."

तिने वाद्याच्या रिकाम्या कव्हरची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मीच येईन," ती म्हणाली. "शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना सांगत होते, वाद्य तडकलं तर जोडता येईल, आधी तुम्ही बरे व्हा. त्यातलं एक तरी खरं करून द्या."