निघायची टकटक

ॲम्ब्युलन्सवर नवीन लागलेल्या प्रांजलला बदली ड्युटी होती. ज्या गाडीवरचं माणूस रजेवर, तिथं जायचं. आज रत्नाताईंची गाडी. घाटघरला पेशंट सोडून ती ड्रायव्हर जानकूभाऊंशेजारी बसून धुक्यातून परतत होती. मागच्या माणसानं मधल्या काचेवर एकदा टकटक केली की निघायचं, दोनदा केली की थांबायचं, ही इथली रीत. मागं आता कुणीच नव्हतं, तरी दोनदा टकटक झाली. जानकूभाऊंनी ब्रेक दाबला, आणि समोरून दरडीचे धोंडे गडगडत दरीत गेले. “मागं कोण हाय?” प्रांजलनं वळून काचेतून मागं पाहिलं. “रत्नाताई. मागल्या पावसात इथंच दरडीखाली गेल्या.” “हापिसात तर रजेवर म्हणाले!” “दुसरं काय म्हणतील? त्या निस्त्या थांबवत्यात. निघायची टकटक बदलीवाल्यानंच द्यायची. जावा मागं.” प्रांजल मागं चढून बाकावर टेकली. बाक उबदार होता, कुणीतरी सरकून जागा दिल्यासारखा.