बद्द आवाज

जुनी फायबरची बोट घेण्याआधी तिच्या अंगावर हातोडीच्या मुठीनं टकटक करत फिरायचं असतं. आवाज खणखणीत आला तर थर एकमेकांना धरून आहेत. बद्द आला की समजायचं, आतून सुटलेत.

"वडिलांची बोट आहे," एवढं सांगून विकणारा मुलगा फोनवर बोलत लांब जाऊन उभा राहिला. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली ती बोट मी पुढून वाजवत निघालो. सगळीकडे खणखणीत, मधेच एका जागी बद्द. खडूनं खूण केली. थोडं पुढे गेलो, तिथेही बद्द. शंका आली म्हणून मागे येऊन खुणेवर पुन्हा वाजवलं, तर खणखणीत! सुटलेला थर काही असा जागा बदलत नाही.

शिडीवर चढून आत डोकावलो. एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यांवर बसून बोटीच्या भिंतीला आतून उशी दाबून धरत होते. मला बघून ओशाळले.

"मी इथंच राहतो हो," ते कुजबुजले. "ही विकली की पोराच्या घरी जावं लागेल, तिथं दिवसभर भिंतींशी बोलावं लागतं. इथं निदान येणारा-जाणारा हाक तरी मारतो. तुम्हाला कशाला हवी बोट?"

"राहायलाच. एकटा आहे."

त्यांनी हातातली उशी हळूच खाली ठेवली.

मी उतरून मुलाकडे गेलो. "थर सुटलेत. मला नको."

"कमाल आहे!" तो वैतागला. "आधीचे सगळेसुद्धा आत डोकावून आले आणि हेच सांगून गेले."