लाकूड कुठे मुरतं?

“यंदा आकडे जुळले नाहीत, तर ही मोजणी तुमच्याकडून काढून घेईन,” साहेबांनी आकडेबाईंना बजावलं. “आणि पलीकडच्या देशातल्या तुमच्या त्या जोडीदारालाही त्याच्या साहेबांनी हेच ऐकवलंय.”

“जोडीदार” ऐकून शेजारच्या टेबलावरच्या लेखनिकबाई उगाचच खोकल्या.

प्रकरण तसं साधं. शेजारच्या देशातून दरवर्षी पाइनचे ओंडके आयात व्हायचे. तिकडचे म्हणायचे, एवढं लाकूड पाठवलं. इकडे नोंद व्हायची त्याहून कमी. अकरा वर्षांच्या तक्त्यावर दोन देशांच्या दोन रेघा सासू-सुनेसारख्या शेजारी-शेजारी चालायच्या, पण एकमेकींना शिवायच्या नाहीत. लाकूड वाटेत मुरतं तरी कुठे, हे शोधायला वर्षातून एकदा बैठक भरायची. पलीकडचे आकडेवाले यायचे. उंच, हसरे, एकटे. दोघं बंदरावर हिंडून ओंडके मोजायचे, चहावर चहा प्यायचे आणि “छे बुवा, काही उलगडत नाही!” म्हणत पुढल्या वर्षीची तारीख ठरवायचे.

खरं तर आकडेबाईंना दुसऱ्याच वर्षी उलगडलं होतं. पलीकडे ओंडका सालीसकट मोजतात, इकडे साल सोलून. बस्स, एवढंच! पण बाई मूग गिळून बसल्या. आकडे जुळले की बैठक बंद. मग ते कशाला येतील?

“तो तुला ताई म्हणतो का गं?” घरी मावशीने एकदा विचारलं होतं.

“नाही. बाई म्हणतात.”

“मग हरकत नाही. पण येतो कशासाठी? आकड्यांसाठी की तुझ्यासाठी?”

“आकड्यांसाठीच. फार सरळ माणूस आहे.”

बाई हसून बोलल्या खऱ्या, पण नेमकं हेच त्यांना जाणून घ्यायचं होतं. विचारायची मात्र छाती नव्हती.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. गप्प राहावं, तर पलीकडच्यांवर ठपका येणार. बोलावं, तर भेट संपणार. बाई दोन दिवस तळमळल्या आणि मग त्यांनी पदर खोचला. गेली बैठक तर गेली, त्या भल्या माणसाला बोल लागायला नको! अकराही वर्षांचे आकडे त्यांनी सालीसकट नव्याने मांडले आणि जड मनाने पाठवून दिले. त्याच दिवशी पलीकडचाही तक्ता आला.

थोड्या वेळाने साहेब डोकं खाजवत आले.

“बाई, हे काय हो? इतकी वर्षं त्यांचा आकडा मोठा, आपला लहान. आता आपला मोठा नि त्यांचा लहान! फरक मात्र तेवढाच. लाकूड वाटेत वाढलं की काय?”

बाई तक्त्याकडे बघतच राहिल्या. तेवढ्यात फोन वाजला.

“बाई,” पलीकडचे घुटमळत म्हणाले, “तुमच्यावर ठपका नको, म्हणून यंदा मी साल सोलून मोजलं.”

“आणि मी सालीसकट!”

दोघंही हसत सुटले. साहेब आ वासून उभे.

“म्हणजे सालीचं तुम्हाला माहीत होतं?” बाईंनी कसंबसं विचारलं. “कधीपासून?”

“पहिल्याच बैठकीत कळलं होतं. पहिल्या चहाच्या आधी.”