गुडघाभर बर्फ

"गुडघाभर आहे," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "काल रात्रीपासून पडतोय. खिंड बंद केली म्हणे. तुम्ही येऊ नका, जावईबापू. पुढच्या वर्षी बघू."

जावई घाटाखालच्या शेवटच्या पेट्रोलपंपावर उभा होता. तीन दिवस मोटरसायकल चालवून त्याची कंबर धरली होती. फोन कानाला लावून त्यानं वर पाहिलं. पुढचा डोंगर आड येत असल्यानं खिंड तिथून दिसत नव्हती. आभाळ मात्र स्वच्छ होतं.

"मी पायथ्याशी आलोय, आई."



"आधी विचारायचं तरी," त्या म्हणाल्या. "असं कुणी उठून निघतं का? परत जा. सावकाश चालवा."

आणि त्यांनी फोन ठेवला.

विचारायचं काम त्याचं कधी नव्हतंच. पावसाळ्यात या रस्त्यावर दरडी कोसळतात, कुठे रस्ताच वाहून जातो. तो दुरुस्त होईपर्यंत बर्फ येऊन टेकतो, आणि मग उन्हाळ्यापर्यंत सगळं बंद. मध्ये जी फट उरते तिच्यातून जाऊन यायचं. ती फट बायको शोधायची. आईला फोन लावून एकच विचारायची, "लाकडं आत घेतलीस का?" आईनं अंगणातली लाकडं घरात रचायला घेतली की आठवडाभरात बर्फ ठरलेला. हवामानाच्या बातम्या चुकायच्या, आईची लाकडं चुकायची नाहीत.

यंदा तो आपल्याच अंदाजानं निघाला होता. अंदाज फसला म्हणायचं. त्यानं हातमोजे चढवले आणि गाडीचं तोंड घराकडे वळवलं.

तेवढ्यात घाटातून एक ट्रक उतरला आणि पंपाच्या नळापाशी थांबला. ड्रायव्हरनं उडी मारली, बॉनेट उघडलं आणि वाफ तोंडावर आली तसा शिवी देत मागे सरला.

"वर बर्फ किती आहे हो?" जावयानं विचारलं.

"कसला बर्फ? इथं इंजिनातलं पाणी उकळलंय." ड्रायव्हरनं ट्रकच्या दारावर बोट ओढून दाखवलं. बोट पांढरं झालं. "धूळ आहे नुसती. नाकात धूळ, डब्यात धूळ. बर्फ कुणी सांगितला तुम्हाला?"

"सासूबाईंनी. खिंडीच्या पलीकडे राहतात."

ड्रायव्हर खो खो हसला. "मग पडला असेल बाबा. जावयापुरता पडला असेल. माझी सासू बरी म्हणायची. ती दारात उभी राहून सांगते, घरात कुणी नाही."

जावईही हसला. मग म्हणाला, "बायको गेली माझी. भर पावसात. तेव्हा हा रस्ता वाहून गेला होता, आईंना येताच आलं नाही. त्यानंतर आमची भेट नाही."

ड्रायव्हरनं बादली खाली ठेवली. ओले हात पॅन्टला पुसले.

"दोघं यायचात का या गाडीवर?"

"दर वर्षी."

ड्रायव्हरनं मोटरसायकलकडे पाहिलं. सामान दोन्ही अंगांना बांधलेलं होतं. मागची सीट मोकळी होती.

"मग थांबू नका," तो म्हणाला. "वर वारं फिरलंय. चार-दोन दिवस मिळतील फार तर. नंतर पार उन्हाळ्यातच." आणि बादली उचलून तो नळाकडे गेला. पाणी भरून झालं तरी तिथेच पाठमोरा उभा राहिला.

जावयानं हातमोजे काढून पुन्हा फोन लावला.

"आई."

"निघालात ना परत?"

ट्रक आला, धूळ आहे, टायर कोरडे आहेत, हे सगळं त्याच्या अगदी ओठांवर होतं. म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडून काय मिळणार होतं?

"लाकडं आत घेतलीत का?" त्यानं विचारलं.

पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. त्या खाली बसल्या असाव्यात.

"नाही," त्या म्हणाल्या. "अंगणातच आहेत अजून."

"मग येतो मी. उजेड आहे तोवर पोचतो. काळजी करू नका."

"नको," त्या घाईनं म्हणाल्या. "उजेडी नको."

"अहो आई, घाट आहे. अंधारात कसा उतरू?"

"घाट उजेडीच उतरा. खाली पुलापाशी जरा टेका. अंधार पडला की या. वळणावर गाडीचा नुसता दिवाच दिसतो. पार दारापाशी येईपर्यंत गाडीवर एक माणूस आहे की दोन, दिसत नाही. मी उभी राहते फाटकात."