बसची बाजू

जयपुरात बससाठी वेगळा पट्टा आखला गेला आणि पाठोपाठ मेट्रोची बातमी आली, तेव्हापासून शास्त्री नगरच्या त्या घरात सकाळचा चहा भांडणाशिवाय घशाखाली उतरत नव्हता. नुकतीच संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली सावनी म्हणायची, पट्टा काढा आणि त्याच जागी मेट्रो घाला. बँकेतून निवृत्त झालेले तिचे बाबा, गोपीनाथराव, म्हणायचे, मेट्रो खुशाल शेजारून न्या, पण बसला हात लावू नका. “तिकडे चाकसू गावाहून डोक्यावर बोचकं घेऊन आलेली बाई तुमचे ते जिने चढणार का, मॅडम?” हा त्यांचा हुकमी सवाल.

आज मात्र बाबांनी पेपर टेबलावर आपटला. “मी म्हणतो, तो पट्टा उखडा आणि तिथेच मेट्रो घाला!”

“मतलब, हरलात एकदाचे!” आई ओट्यापाशी हसली.

“हरतोय कशाला? पहिल्यापासून मी हेच सांगतोय. बसचं वेड आपल्या मॅडमना आहे.”

ते चेष्टा करत नव्हते. गेल्याच आठवड्यात घराचा रस्ता चुकले, तेव्हा सगळे हसले होते, सावनीसुद्धा. आता ते चष्म्यावरून तिच्याकडे बघत होते. रोजच्यासारखे, भांडणाची वाट पाहत.

सावनीने कप खाली ठेवला.



“असं कसं बाबा? चाकसूहून बोचकं घेऊन आलेली बाई ते जिने चढणार का?”